पाठकोऱ्या कागदावरचा तारा

माझ्या टेबलाच्या खणात एक पाठकोरा कागद आहे. पुढच्या बाजूला विजेचं बिल, मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेलं गणित. गणित अगदी सोपं, नुसते गुणाकार-भागाकार आणि एक वर्गमूळ. पण ते करायला मला जेवढा उशीर झाला तेवढ्यात माझ्या मामेबहिणीची एक अख्खी रात्र वाया गेली होती. दुर्बिणीवरची रात्र. ती सहा महिन्यांत एकदा मिळते, मिळाली तर.

लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रविवारची कामं उरकायची आहेत ते इथूनच सटकू शकतील :) माझं म्हणणं असं की, कॉम्प्युटरने उत्तर द्यायच्या आधी त्या उत्तराचा पहिला आकडा आपल्याला तोंडाने सांगता आला पाहिजे. पुढचे आकडे खुशाल कॉम्प्युटरने सांगावेत. आणि हे मी, प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस, सांगतोय.

झालं असं. बहीण खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होती. माझा आकाशाशी संबंध गच्चीवरून शनीची कडी बघण्यापुरता. २०१७ च्या दिवाळीत ती पुण्याला आली होती. चकली खाता खाता म्हणाली, "दादा, मला एक छोटासा प्रोग्रॅम करून दे ना. ताऱ्याची प्रत टाकली, वेळ टाकला, की सिग्नल-टू-नॉईज किती मिळेल ते सांगणारा. आमच्याकडे एक जुनी एक्सेल शीट आहे, पण ती कुणी बनवली आणि तिच्यात काय आहे ते देवाला ठाऊक."

मी म्हटलं, एवढंच ना? दे इकडे.

दोन वीकएंडमध्ये प्रोग्रॅम झाला. छान वेब पेज, छान आलेख. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत. तिच्या ताऱ्यासाठी, दोन तासांच्या एक्स्पोजरला, तो म्हणाला १४.२५. ती खूश, मी तिच्याहून खूश.

आता तारा कसला होता ते सांगतो. श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. प्रत २०. प्रतीचा हिशोब माहीत नसेल त्यांच्यासाठी : नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये घालून दिलेला नियम असा की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पटींचा फरक. आकडा मोठा तर तारा मंद. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी साधारण सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. म्हणजे हा तारा त्या शेवटच्या दिसणाऱ्या ताऱ्याहूनही सुमारे चार लाख पट मंद.

आणि नुसता फोटो काढायचा नव्हता, वर्णपट काढायचा होता. फोटोत ताऱ्याचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात जमा होतो. वर्णपटात तोच प्रकाश शेकडो, हजारो पिक्सेलवर पसरायचा. आधीच चिमूटभर साखर, ती अख्ख्या पिंपात विरघळवायची. प्रश्न असा होता की या वर्णपटात हीलियमच्या रेषा आहेत की नाहीत. असल्या तरी उथळ असणार होत्या, आजूबाजूच्या प्रकाशाच्या दहा टक्के खोल आणि साधारण दहा पिक्सेल रुंद. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण या 'आहेत की नाहीत' वर अडलं होतं.

आपल्या देशात दोन मीटर आणि त्याहून मोठ्या दुर्बिणी मोजक्याच. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची आहे. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्र टेलिस्कोप आहे, ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची आहे, ती २०१६ मध्ये सुरू झाली. बहिणीला दोन मीटरच्या एका दुर्बिणीवर दोन रात्री मिळाल्या. कुठली दुर्बीण ते सांगत नाही, कारण चूक दुर्बिणीची नव्हतीच.

पहिली रात्र स्वच्छ, अमावास्येच्या आसपासची. दुसऱ्या रात्री ढग. पहिल्या रात्री तिने दोन तास त्या ताऱ्याला दिले. तिसऱ्या दिवशी मेल आली : "दादा, वर्णपट फारच खरखरीत आलाय. तुझा प्रोग्रॅम १४ म्हणाला होता, मला ८ सुद्धा मिळत नाहीयेत."

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? खोटं बोलणार नाही. मी लिहिलं, "पातळ ढग असतील." मग लिहिलं, "फोकस बघितलास का?" आणि मग, सॉफ्टवेअरवाल्यांचं ते पेटंट वाक्य, "माझ्याकडे सगळ्या टेस्ट पास होतायत."

पुढच्या शनिवारी मात्र स्वस्थ बसवेना. विजेचं बिल उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. तेच गणित इथे उतरवतो. सोबत करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक आकडा पाठ करून ठेवा : व्ही बँडमध्ये, म्हणजे ५५०० अँगस्ट्रॉमच्या आसपास, शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरवर, दर अँगस्ट्रॉमला सुमारे १००० फोटॉन येतात. वातावरणाच्या वर. हा आकडा इतका गोल आहे की जणू पाठ करायलाच दिलाय.

२० वी प्रत म्हणजे पाच-पाचच्या चार पायऱ्या, म्हणजे १०० चा चार वेळा गुणाकार, म्हणजे दहा कोटी पट कमी. उरला एक फोटॉनचा लाखावा भाग.

दोन मीटरच्या आरशाचं क्षेत्रफळ ३१,४०० चौ. सेंमी. दुय्यम आरशाची सावली वजा जाता २८,००० धरू. गुणाकार : दर सेकंदाला दर अँगस्ट्रॉमला ०.२८ फोटॉन. एका पिक्सेलमध्ये ३ अँगस्ट्रॉम मावतात असं धरा. झाले ०.८४.

आता वाटेतली गळती. वातावरणातून ८५ टक्के खाली येतात. दोन आरसे, प्रत्येकी ८५ टक्के. स्पेक्ट्रोग्राफच्या तोंडाशी एक अरुंद फट असते, तिच्यातून ताऱ्याच्या थरथरत्या ठिपक्याचा ६० टक्के भाग आत जातो. आतली भिंगं आणि ग्रिझम मिळून ४० टक्के पुढे सोडतात. सीसीडी ८० टक्के फोटॉनचे इलेक्ट्रॉन करतो. सगळे गुणले की १२ टक्के. रुपयातले बारा पैसे पोचले.

०.८४ गुणिले ०.१२, म्हणजे ०.१. दहा सेकंदांत एक इलेक्ट्रॉन!

(तारा निळसर, आणि तिला हवी असलेली हीलियमची रेषा ४४७१ अँगस्ट्रॉमला. तिथे आकडे थोडे हलतील. पाठकोऱ्या कागदाला तेवढं माफ आहे.)

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. हा प्रकाश शेकडो वर्षं चालत आला, दोन मीटरचा आरसा त्याच्यापुढे धरला, आणि एका पिक्सेलच्या रंगाला दहा सेकंदांत एक, फक्त एक इलेक्ट्रॉन. असो.

आता आकाश. अमावास्येलाही आकाश काळंकुट्ट नसतं. चांगल्या जागी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) साडेएकविसाव्या प्रतीएवढा उजेड असतो. फट दीड विकला रुंद, आणि ताऱ्याच्या उंचीसाठी आपण ३ विकला घेतो. म्हणजे साडेचार चौरस विकला आकाश ताऱ्याबरोबर आत येतं. हिशोब केला तर हे आकाश ताऱ्याहून किंचित जास्तच तेजस्वी! शिवाय त्याला फटीतली गळती लागू नाही, ते सगळीकडेच पसरलेलं. वातावरणातली घटही त्याच्या आकड्यात आधीच धरलेली. सेकंदाला सुमारे ०.२२ इलेक्ट्रॉन. ताऱ्याच्या दुप्पट.

आकाश वजा करता येतं, पण त्याची अनिश्चितता वजा करता येत नाही. फोटॉन मोजताना न इलेक्ट्रॉन जमले तर अनिश्चितता वर्गमूळ न. हा निसर्गाचा नियम, त्याला सवलत नाही. आणि हे वर्गमूळ इलेक्ट्रॉनचं घ्यायचं, फाइलमध्ये दिसणाऱ्या काउंटचं नाही. दोन इलेक्ट्रॉनला एक काउंट असा गेन असेल तर ४०० काउंट म्हणजे ८०० इलेक्ट्रॉन. त्यांचं वर्गमूळ २८ इलेक्ट्रॉन, म्हणजे १४ काउंट. ४०० चं वर्गमूळ काढून २० म्हणाल तर चुकलात. (ही एक चूक मात्र मी केली नव्हती!)

शेवटचा भिडू रीड नॉईज. सीसीडी वाचताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची खरखर मिसळतं, समजा पिक्सेलमागे ५ इलेक्ट्रॉन. ३ विकलांत ०.३ विकलाचे १० पिक्सेल. खरखरींची बेरीज वर्ग करून होते, म्हणून १० गुणिले २५, म्हणजे २५०. प्रत्येक वेळी वाचलं की २५०.

दोन तास, म्हणजे ७२०० सेकंद. ताऱ्याचे ७२० इलेक्ट्रॉन. आकाशाचे १५८४. रीड नॉईज २५०. बेरीज २५५४, वर्गमूळ साडेपन्नास. ७२० भागिले साडेपन्नास, उत्तर १४.२५.

हुश्श! प्रोग्रॅम बरोबर आहे की, असं मनात येतंय तोच पेन्सिल 'प्रत्येक वेळी' या शब्दांवर अडली.

मी बहिणीला फोन लावला. "दोन तास म्हणजे नक्की कसे घेतलेस गं?"

"अरे, पाच-पाच मिनिटांचे चोवीस. वारा होता, मध्येच गायडिंग सुटलं तर सगळंच जाईल म्हणून. शिवाय लांब एक्स्पोजरमध्ये कॉस्मिक रे फार पडतात. तुझ्या पेजवर एकूण वेळच तर विचारला होता."

होय. माझ्या पेजवर एकूण वेळच विचारला होता. वापरायला सोपं पडावं म्हणून मी एकच चौकट ठेवली होती, आणि त्या साधेपणाचा मला अभिमान होता. चोवीस वेळा वाचलं तर रीड नॉईज चोवीस वेळा. २५० नव्हे, ६०००. बेरीज ८३०४, वर्गमूळ ९१. ७२० भागिले ९१, म्हणजे ७.९.

तिच्या मेलमधला आकडा.

आणि टेस्ट पास का होत होत्या? कारण माझ्या प्रत्येक टेस्टमध्ये एक्स्पोजर एकच होतं. प्रोग्रॅम माझ्या समजुतीशी ताडून बघितला होता, दुर्बिणीशी नाही.

याचा परिणाम काय? दहा टक्के खोल, दहा पिक्सेल रुंद रेषा १४ च्या सिग्नल-टू-नॉईजला साडेचार सिग्माला दिसली असती. ७.९ ला अडीच सिग्मा. अडीच सिग्मा म्हणजे आशा लावणारा आणि काहीही सिद्ध न करणारा आकडा. तिने दोन महिने त्या वर्णपटात रेषा शोधल्या. एका दिवशी दिसायच्या, दुसऱ्या दिवशी दिसायच्या नाहीत. त्याच पाच मिनिटांच्या तुकड्यांनी १४ गाठायचे तर साडेसहा तास लागले असते. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार घेतले असते तर त्याच दोन तासांत साडेबारा मिळाले असते, म्हणजे चार सिग्मा.

आता मुद्द्यावर येतो. 'प्रोग्रॅममध्ये बग होता, दुरुस्त कर, विषय संपव,' असं तुम्ही म्हणाल. बग मी त्याच दिवशी दुरुस्त केला, एक चौकट वाढवली. पण मला छळणारी गोष्ट वेगळी आहे. त्या रात्रीच्या आधी आम्हा दोघांपैकी कुणीही पाच मिनिटांच्या एका तुकड्याचं गणित हाताने केलं असतं तर? ३०० सेकंद, दहा सेकंदाला एक, म्हणजे ३० इलेक्ट्रॉन. दहा पिक्सेलवर वाटले तर पिक्सेलला ३. आणि रीड नॉईज पिक्सेलला ५. तारा तीन, यंत्राची खरखर पाच! हे बघून शेंबडं पोरही म्हणेल की असं नको, लांब एक्स्पोजर घ्या. यासाठी वर्गमूळसुद्धा लागत नाही.

१४.२५ या आकड्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही. तो आकडा शेवटचा आहे, त्याच्यात तारा, आकाश आणि यंत्र मिसळून गेलेत. हाताने करताना मात्र तिघे वेगवेगळे समोर बसतात आणि यातला दादा कोण ते दिसतं. तारा तेजस्वी असेल तर त्याचं स्वतःचं वर्गमूळ दादा, तिथे कसेही तुकडे करा. अंधाऱ्या रात्री लांब एक्स्पोजर असेल तर आकाश दादा. तुकडे बारीक केले की यंत्र दादा. कुणाशी लढायचंय हे कळलं की अर्धी लढाई झाली.

एक मित्र म्हणाला, "मोठ्या वेधशाळांचे स्वतःचे एक्स्पोजर कॅलक्युलेटर असतात, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांवर बेतलेले. ते तुझ्यासारख्या हौशी माणसाने लिहिलेले नसतात." खरंय. जरूर वापरावेत, माझ्या कागदापेक्षा ते शंभर पटीने चांगले. पण त्यात चौकटी भरणारा माणूसच असतो. विकलांच्या जागी पिक्सेल टाकले, पौर्णिमेची रात्र असून अमावास्या निवडली, तर तो बिचारा तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देणार. चंद्राने आकाश तीन प्रतींनी उजळलं तर आकाशाचे इलेक्ट्रॉन सोळा पट होतात. कॅलक्युलेटर ओरडून सांगत नाही की बाई गं, आज चंद्र आहे.

दुसरा आक्षेप असा की आता रीड नॉईज जवळजवळ नसलेले डिटेक्टर आलेत. एकाच पिक्सेलचा विद्युतभार पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढणाऱ्या स्किपर सीसीडीत खरखर एका इलेक्ट्रॉनच्याही खाली जाते. मग हे सगळं कशाला? कारण मग आकाश दादा होतं, आणि तो हिशोबही कुणीतरी आधी करायला लागतोच.

आणि दोन दशांश स्थळांचं म्हणाल, तर तो शुद्ध आगाऊपणा होता. फटीतून ६० टक्के जातील की ४० हे त्या रात्रीची हवा ठरवते. त्या अनिश्चिततेवर १४.२५ लिहिणं म्हणजे अंदाजे भाजी निवडून मिलिग्रॅममध्ये वजन सांगणं. हल्ली माझा प्रोग्रॅम म्हणतो, 'सुमारे १४', आणि त्याखाली तारा, आकाश, यंत्र असे तीन वेगळे आकडे दाखवतो. त्याच्याही आधी एक रिकामी चौकट येते : तुमचा अंदाज काय? ती भरल्याशिवाय उत्तर मिळत नाही. दोन-तीन जणांनी वैतागून तिच्यात १ टाकला. टाकू देत.

बहिणीला पुढची रात्र जवळजवळ वर्षाने मिळाली. या वेळी तिने आधी कागदावर गणित केलं, फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, तू आता तुझ्या प्रोग्रॅमला विचार आणि माझ्याशी जुळतंय का सांग." जुळलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा एक्स्पोजर. सिग्नल-टू-नॉईज पंधरा.

रेषा नव्हत्या. वर्णपट स्वच्छ, सपाट. श्वेत बटू साधारण ११,००० केल्विनच्या खाली थंडावला की हीलियम असला तरी त्याच्या रेषा दिसेनाशा होतात. हा तसाच निघाला. मला जरा वाईट वाटलं, एवढं करून हाती काहीच नाही. ती मात्र फोनवर आनंदात होती. म्हणाली, "अरे, मागच्या वेळी मला 'नाहीत' असंही म्हणता येत नव्हतं. आता येतंय." प्रकरण पूर्ण झालं, प्रबंधही झाला.

'नाही' म्हणायलासुद्धा पुरेसे इलेक्ट्रॉन लागतात हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते पुरेसे मिळतील का, हे आदल्या दिवशी, घरी बसून, पाठकोऱ्या कागदावर सांगता येतं.

असो. बिलाची तारीख केव्हाच उलटून गेलीय, बिलही भरून झालंय, पण तो कागद टाकवत नाही. तुमच्याकडेही असे कागद असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या शनिवारी.